पुळणीवरील व्हॉलीबॉल : लहान शाळांसाठी दोघांचा खेळ

पाली परिसरातील शाळांना भेटी देताना एक गोष्ट वारंवार नजरेस येते. शाळेला पटांगण असते, कपाटात चेंडू असतो, वेळापत्रकात खेळाचा तास असतो. तरी मुले पायरीवर बसून राहतात. एका शाळेत मी याचे कारण विचारले. गुरुजींनी संकोचाने उत्तर दिले, “साहेब, पट नऊचा. त्यात मोठी मुले चार. संघ कोठून करू?” या उत्तरात आळस नव्हता, साधे अंकगणित होते. कबड्डीला एका बाजूस सात खेळाडू लागतात, म्हणजे दोन्ही मिळून चौदा. खो-खोला अठरा लागतात. व्हॉलीबॉलला बारा लागतात. घरची मंडळी पोटासाठी मुंबईस गेली, गावातली घरे बंद झाली, आणि आपल्या जिल्ह्यातील कितीतरी शाळांचा पट वीसच्या आत आला. अशा शाळेत सांघिक खेळ कोणता घ्यावा, हा प्रश्न लहान नाही. ज्या मुलाला बालपणी सोबत्याच्या चुकीवर न रागावता पुढचा चेंडू उचलण्याची सवय लागली नाही, त्याला ती पुढे कोणत्या पुस्तकातून लागणार?

या प्रश्नास एक उत्तर आहे आणि ते आपल्या दाराशी, समुद्राच्या पुळणीवर आहे. ज्यास बीच व्हॉलीबॉल म्हणतात, त्या खेळात एका बाजूस दोनच खेळाडू असतात. चार मुलांची शाळा असली तरी पुरा सामना होतो. कोणी कमी पडत नाही आणि बदली खेळाडूही लागत नाही. या खेळाचा आरंभ आपल्या शाळांतून कसा करता येईल, त्यास काय साहित्य लागते आणि कोणती दक्षता घ्यावी लागते, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

खेळाचा परिचय

व्हॉलीबॉल हा खेळ अमेरिकेतील होलिओक या गावी वाय. एम. सी. ए. संस्थेतील शारीरिक शिक्षक विल्यम मॉर्गन यांनी १८९५ साली शोधून काढला. उद्योगधंद्यातील प्रौढ माणसांना फार धसमुसळा नसलेला, पण अंगाला व्यायाम देणारा खेळ हवा होता, हा त्यांचा हेतू. पुढे कॅलिफोर्नियातील सांता मोनिका येथील किनाऱ्यावर लोक तो वाळूत खेळू लागले. तेथे १९३० च्या सुमारास सहा-सहा जणांऐवजी दोघा-दोघांचा सामना खेळला गेला, आणि तीच रीत पुढे रूढ झाली. सुटीतील करमणूक म्हणून सुरू झालेला हा खेळ १९९६ साली अटलांटा येथील ऑलिंपिकमध्ये पदकाचा खेळ ठरला. १९९८ साली बँकॉक येथील आशियाई क्रीडास्पर्धांत त्याचा समावेश झाला. आपल्या देशात दीव येथील घोघला किनाऱ्यावर मे २०२५ मध्ये पहिल्या खेलो इंडिया बीच गेम्स भरल्या, त्यांतही हा खेळ होता.

ही माहिती मुलांना अवश्य सांगावी. परंतु आपला हेतू पदक मिळविणारे खेळाडू घडविण्याचा नाही. प्रत्येक मुलाच्या हाताला चेंडू लागावा, एवढाच आहे. सहाजणांच्या खेळात दोन धीट मुले सर्व चेंडू घेतात आणि कोपऱ्यातील मुलगी तासभर उभी राहून घरी जाते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. दोघांच्या खेळात असे होऊच शकत नाही. चेंडू एकदा एकाने घेतला की पुढचा स्पर्श दुसऱ्यानेच करावा लागतो, कारण एका खेळाडूस लागोपाठ दोनदा चेंडू मारता येत नाही. भिडस्त मुलीलाही खेळावेच लागते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती भिडस्त राहत नाही.

कातळ आणि पुळण

पाली हे गाव मुंबई-गोवा महामार्गावर, समुद्रापासून सुमारे वीस किलोमीटर आत आहे. आपल्याकडील बहुतेक पटांगणे जांभ्याच्या सड्यावर किंवा जांभा फोडून केलेल्या सपाटीवर आहेत. अशा जमिनीवर पडलेल्या मुलाचे गुडघे सोलून निघतात. मूल एकदा पडले की पुढच्या वेळी चेंडूकडे झेपावत नाही. आणि झेपावण्याची भीती बसली की खेळातील निम्मा आनंद गेला. पुळणीवर ही भीती नसते. मऊ वाळूत मूल पडते, हसते आणि उठते.

वाळूचा दुसरा गुण असा की, ती शरीराकडून अधिक काम करून घेते. पाय रुततात, म्हणून प्रत्येक पावलास अधिक जोर लागतो, उडी कमी उंच जाते, धावणे मंदावते. यामुळे पोटऱ्यांना व मांड्यांना उत्तम व्यायाम घडतो. परंतु त्याच कारणाने मूल लवकर दमतेही. पटांगणावर मुले तासभर खेळत असतील तर पुळणीवर प्रथम वीस मिनिटेच खेळवावीत आणि मग सावलीत विसावा द्यावा.

रत्नागिरीनजीक भाट्ये व मांडवी येथे पुळण आहे. भाट्ये येथे पुळणीलगत सुरूचे बन असल्याने विसाव्यास सावली मिळते. गणपतीपुळे, आरे-वारे, गणेशगुळे हे किनारेही सर्वांच्या परिचयाचे आहेत. मात्र सहलीचा किनारा आणि खेळाचा किनारा यांत फरक करावा. जेथे किनारा एकदम खोल होतो, लाटा जोराने आपटतात किंवा गर्दी फार असते, तेथे मुलांचा खेळ मांडू नये. गणपतीपुळ्याच्या समुद्रात माणसे बुडाल्याच्या दुःखद घटना अनेकदा घडल्या आहेत, हे विसरता येत नाही. जागा ठरविण्यापूर्वी शिक्षकाने स्वतः एकदा जाऊन यावे आणि तेथील मच्छीमार बांधवांना विचारावे. त्या पाण्याचा स्वभाव त्यांच्याइतका कोणास ठाऊक नसतो.

साहित्य

हा खेळ महागडा आहे असा समज असेल तर तो सोडून द्यावा. मैदान १६ मीटर लांब व ८ मीटर रुंद असते. सभोवार निदान ३ मीटर मोकळी जागा ठेवावी. जाळीखाली मधली रेषा नसते. केवळ चार कडांच्या रेषा आखावयाच्या. त्यांची एकूण लांबी ४८ मीटर भरते. रेषेची रुंदी सुमारे ५ सेंटिमीटर असावी लागते. जुन्या लुगड्याचा काठ साधारण एवढाच असतो. नऊवारी लुगडे सव्वाआठ मीटरांच्या आसपास लांब. त्याला दोन काठ. तेव्हा तीन जुन्या लुगड्यांचे सहा काठ टोकास टोक शिवले की ४९ मीटरांची पट्टी तयार होते आणि मैदानाच्या रेषा पुऱ्या होतात. हे गणित मुलांकडूनच सोडवून घ्यावे आणि लुगडी त्यांच्या आज्यांकडून मागून आणावीत. आजीच्या लुगड्याच्या काठाने आखलेले मैदान मुले जपतात, असा माझा अनुभव आहे. काथ्याची दोरी मात्र रेषेसाठी वापरू नये. तिने पायास घसारा लागतो.

जाळी साडेआठ मीटर लांब व एक मीटर रुंद असते. बाजारची जाळी नसल्यास मच्छीमारांकडील जुन्या जाळ्याचा तुकडा चालतो. त्याच्या वरच्या कडेस पांढरी पट्टी शिवावी, म्हणजे ती मुलांना स्पष्ट दिसते. खांबांसाठी जाड बांबू घ्यावेत. ते वाळूत निदान अडीच फूट पुरावेत आणि कडेच्या रेषेपासून पाऊण ते एक मीटर बाहेर ठेवावेत. मुलांच्या उंचीपर्यंत त्यांना गोणपाट गुंडाळावे. खांबांचे ताण बांधण्यास लोखंडी खुंट्या मारू नयेत. वाळूने भरलेली पिशवी दोरीला बांधून हात-दीड हात खोल पुरली की ती खुंटीपेक्षा अधिक भार धरते, आणि तिच्यावर कोणी पडले तरी इजा होत नाही. रेषांचे कोपरेही अशाच लहान पिशव्यांनी पुरून बसवावेत.

जाळीची उंची हा महत्त्वाचा मुद्दा आहे. पुरुषांसाठी ती २.४३ मीटर व स्त्रियांसाठी २.२४ मीटर असते. मुलांना ही उंची लावली तर चेंडू पलीकडे जात नाही आणि खेळ तेथेच संपतो. आंतरराष्ट्रीय नियमांतच बारा वर्षांपर्यंतच्या मुलामुलींसाठी २ मीटर, चौदापर्यंत २.१२ मीटर व सोळापर्यंत २.२४ मीटर अशी उंची सांगितली आहे. आरंभी ती आणखी कमी ठेवण्यासही हरकत नाही. लहान मुलांसाठी १२ मीटर बाय ६ मीटरचे मैदान आखावे. हे माप नियमातील नव्हे, शिकण्याच्या सोयीचे आहे.

या खेळाचा चेंडू नेहमीच्या व्हॉलीबॉलपेक्षा किंचित मोठा असतो. त्याचा घेर ६६ ते ६८ सेंटिमीटर व वजन २६० ते २८० ग्रॅम असून त्यात हवा कमी भरलेली असते. शाळेत नेहमीचा व्हॉलीबॉल असेल तर त्यातील थोडी हवा काढून तोच वापरावा. चेंडू मऊ असला की मुलांच्या हाताला तो चावत नाही.

मैदान कोठे व कसे आखावे

मैदान भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या मऊ वाळूत आखावे. रात्रीच्या भरतीने वाहून आणलेल्या काडीकचऱ्याची ओळ पुळणीवर दिसते. त्या ओळीच्या वरचा भाग आपला. ओल्या घट्ट वाळूवर धावणे सोपे वाटते, पण ती जागा समुद्राची आहे.

मैदानाची लांबी किनाऱ्यास समांतर ठेवावी. आपला किनारा दक्षिणोत्तर पसरला आहे. त्यामुळे असे मैदान दक्षिणोत्तर होते आणि सकाळ-संध्याकाळ कोणत्याही बाजूच्या डोळ्यांवर समोरून ऊन येत नाही. दुसरा लाभ त्याहून मोठा आहे. खेळात बहुतेक चेंडू मागच्या रेषेपलीकडे जातात. मैदान समांतर असले की ते पुळणीवरच लोळत राहतात, पाण्याकडे जात नाहीत.

रेषा आखण्यापूर्वी सर्व मुलांनी एका ओळीत चालून जागा साफ करावी. काचा, गळ, जाळ्यांचे तुकडे, काटेरी शिंपले मोठ्या माणसांनी उचलावेत; इतर कचरा मुलांनी. नोव्हेंबर ते मार्च या काळात आपल्या जिल्ह्यातील काही किनाऱ्यांवर कासविणी अंडी घालतात. गावखडी हे त्यांपैकी एक. अशा किनाऱ्यावर कुंपण घातलेली किंवा खुणेची जागा टाळावी, आणि मुलांना तिचे कारणही सांगावे.

भरती-ओहोटीचे गणित

पुळणीवर जाण्याचा दिवस शाळेच्या सोयीने ठरवू नये. समुद्राच्या सोयीने ठरवावा. आपल्या किनाऱ्यावर यासाठी एक जुना ठोकताळा आहे. त्या दिवसाची तिथी घ्यावी आणि तिची पाऊणपट करावी; जो आकडा येईल त्या वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती असते. चतुर्थीस चाराची पाऊणपट तीन, म्हणून तीनच्या सुमारास भरती. अष्टमीस सहाच्या सुमारास. पौर्णिमेस व अमावास्येस तिथी पंधरा धरावी. तिची पाऊणपट सव्वाअकरा. भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी लागते आणि पुन्हा तितक्याच वेळाने भरती येते.

आपल्याला सकाळी आठ ते दहा खेळावयाचे आहे. या वेळात समुद्र मागे हटत असावा. म्हणजे पूर्ण भरती पहाटे पावणेचार ते पावणेसात यांच्या दरम्यान होऊन गेलेली हवी. ठोकताळ्याने पाहता शुद्ध किंवा वद्य पंचमीपासून नवमीपर्यंतचे दिवस यास योग्य ठरतात. उलट पौर्णिमा व अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती असते आणि ती नेमकी सकाळी अकराच्या सुमारास भरते. ते दिवस टाळावेत. अपूर्णांकांच्या गुणाकारास यापरते चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. तथापि हा ठोकताळाच आहे. निघण्यापूर्वी छापील किंवा अधिकृत भरतीपत्रक पाहून वेळेची खात्री करून घ्यावी.

जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांत पुळणीवर खेळ मांडूच नये. नारळी पौर्णिमा झाली म्हणजे समुद्र शांत झाला असे समजू नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. दहानंतर वाळू तापते. हाताची मागची बाजू वाळूवर ठेवून सात अंक मोजेपर्यंत ती ठेववत नसेल तर मुलांना अनवाणी खेळवू नये.

शिकवण्याचा क्रम

पहिल्या दिवशी जाळी व नियम बाजूला ठेवावेत. मुलांनी अनवाणी चालावे, आखूड पावले टाकून धावावे, गुडघे वाकवून थांबावे, पुढे झेपावून वाळूत पडावे. पाय रुतत असताना तोल कसा सांभाळावा हे अंगाला कळल्यावाचून चेंडू हाती देऊन उपयोग नाही.

दुसऱ्या टप्प्यात चेंडू झेलावयाचा व जाळीवरून फेकावयाचा. दोघांची जोडी एका बाजूस. एकाने झेलावा, सोबत्याकडे द्यावा, सोबत्याने पलीकडे फेकावा. येथेच मुलांना खेळाचे मर्म समजते : चेंडू आपल्याकडे आला तरी तो सोबत्यासाठी आलेला असतो. याच टप्प्यात “माझा!” असे मोठ्याने ओरडण्याची सवय लावावी. दोघांच्या मधोमध येणारा चेंडू दोघेही सोडतात, कारण दोघेही बोलत नाहीत.

तिसऱ्या टप्प्यात हातांच्या पुढच्या भागाने चेंडू उचलण्यास शिकवावे. एका हाताची मूठ दुसऱ्यात धरून अंगठे शेजारी शेजारी ठेवावेत, कोपरे ताठ करावीत, गुडघे वाकवावेत. चेंडू मनगटाच्या वरच्या सपाट भागावर घ्यावा. हात हलवून मारू नये; गुडघे सरळ करीत अंग वर उचलावे, चेंडू आपोआप वर जातो. बोटांनी डोक्यावरून चेंडू देण्याबाबत या खेळाचे नियम कडक आहेत, म्हणून नवशिक्यांनी दुसरा स्पर्शही हातांच्या पुढच्या भागानेच करावा.

चौथ्या टप्प्यात तीन स्पर्शांची लय बसवावी : एकाने घ्यावा, दुसऱ्याने उंच करावा, पहिल्याने पलीकडे धाडावा. मुलांना पहिल्याच स्पर्शात चेंडू पलीकडे ढकलण्याची घाई असते. तिसऱ्या स्पर्शाने धाडलेल्या चेंडूस काही दिवस दोन गुण द्यावेत. घाई आपोआप कमी होते. सर्व्हिस सर्वांत शेवटी शिकवावी, आणि तीही खालून हात आणून. सर्व्हिस करणाऱ्यास ती मागच्या रेषेबाहेरून जमत नसेल तर मैदानाच्या मध्यापर्यंत पुढे येऊ द्यावे.

एवढे शिकण्यास पाच-सहा तास पुरतात. यांतील दुसरा, तिसरा व चौथा टप्पा शाळेच्या पटांगणावरही घेता येतो.

मुख्य नियम

प्रत्येक चेंडूस एक गुण मिळतो, मग सर्व्हिस कोणाचीही असो. पहिला व दुसरा डाव २१ गुणांचा. बरोबरी झाल्यास तिसरा १५ गुणांचा. जिंकण्यास दोन गुणांची आघाडी हवी. एका बाजूस जास्तीत जास्त तीन स्पर्श. जाळीपाशी अडविताना हाताला लागलेला चेंडू हाही एक स्पर्श धरला जातो. सहाजणांच्या व्हॉलीबॉलमध्ये तो धरला जात नाही. उघड्या बोटांनी चेंडू हळूच पलीकडे टाकता येत नाही. मैदानात कोणी कोठे उभे राहावे याचे बंधन नाही. मात्र सर्व्हिस दोघांनी पाळीपाळीने करावी.

पहिल्या दोन डावांत दोन्ही बाजूंचे गुण मिळून सात झाले की बाजू बदलतात. पुन्हा चौदाला, एकविसाला, याप्रमाणे. तिसऱ्या डावात दर पाच गुणांनी बदलतात. कारण वारा व ऊन एकाच्याच वाट्यास येऊ नये. सातचा पाढा म्हणणाऱ्या लहान मुलाकडे हे काम सोपवावे. ज्यांना खेळता येत नाही, त्यांनाही येथे काम असते : एकाने गुण लिहावेत, एकाने रेषा पाहाव्यात, एकाने पंच व्हावे. नऊ मुलांच्या शाळेत कोणीही रिकामे राहत नाही.

सामना चालू असता बाहेरून प्रशिक्षकाने सूचना देऊ नयेत, ही या खेळाची जुनी रीत होती. शाळेतही ती पाळावी. आपणा शिक्षकांस हे सर्वांत कठीण जाते; पण दोन मुले आपसांत बोलून मार्ग काढीत आहेत हे दिसले की, गप्प राहिल्याचे समाधान वाटते.

दक्षता

आता एक गोष्ट सांगतो. ती सांगताना आजही मनास बरे वाटत नाही. मी शिक्षक असताना मुलांना घेऊन एका किनाऱ्यावर गेलो होतो. सकाळची वेळ, ओहोटी लागलेली, पुळण रुंद. मैदान आम्ही किनाऱ्याच्या आडवे आखले होते आणि एका बाजूची पाठ पाण्याकडे होती. चेंडू निसटून पाण्यात गेला. सहावीतला एक मुलगा त्यामागे धावला. चेंडू दोन हातांवर दिसत होता. तो एक पाऊल पुढे टाकी, चेंडू आणखी दोन हात जाई. पाणी त्याच्या छातीस लागले तेव्हा मला भान आले. काठावर जाळे दुरुस्त करीत बसलेले एक मच्छीमार गृहस्थ माझ्याआधी धावले आणि त्याला दंडाला धरून बाहेर घेऊन आले. मुलास त्यांनी काही म्हटले नाही. मला म्हणाले, “गुरुजी, चेंडूला आईबाप नसतात.”

असे का घडले, हे मला नंतर उमगले. भूगोलाच्या पुस्तकात आपण शिकवतो की रात्री व पहाटे वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात. त्यांना मतलई वारे म्हणतात. सकाळी हे वारे अद्याप वाहत असतात. ओहोटीचे पाणीही बाहेर जात असते. म्हणजे जी वेळ खेळास सर्वांत चांगली, त्याच वेळी पाण्यात पडलेला हलका चेंडू सर्वांत वेगाने आत जातो. मी हे मुलांना शिकविले होते, पण स्वतः ध्यानात ठेवले नव्हते. दोष माझा होता.

म्हणून पुळणीवरील व्हॉलीबॉलचा पहिला नियम कोणत्याही नियमावलीत नाही, तो आपण करावयाचा : पाण्यात गेलेला चेंडू गेला. तो आणण्यास कोणीही जाणार नाही. मूलही नाही आणि शिक्षकही नाही. खेळ सुरू होण्यापूर्वी प्रत्येक मुलाकडून हे वाक्य म्हणवून घ्यावे. दोन चेंडू बरोबर न्यावेत, म्हणजे एक गेला तरी जीव तुटत नाही. समुद्राच्या अंगाला एका शिक्षकाने पाण्याकडे पाठ करून, मुलांकडे तोंड करून सर्व वेळ उभे राहावे. त्याने पंच होऊ नये आणि भ्रमणध्वनीवर छायाचित्रेही काढू नयेत. खेळ संपल्यावर पाय धुण्यासाठीही पाण्यात उतरू देऊ नये. त्यासाठी विहिरीचे किंवा नळाचे पाणी शोधून ठेवावे. दोन शिक्षक व गावातील एक पोहणारा माणूस बरोबर असल्याशिवाय निघू नये. पालकांची लेखी संमती, वरिष्ठांची परवानगी, प्रथमोपचाराची पेटी आणि पिण्याचे भरपूर पाणी ही तयारी आधी करावी. कोकम सरबत असल्यास उत्तमच.

समुद्रापासून दूर असलेल्या शाळांनी काय करावे

पुळणीवर वर्षातून एक-दोनदाच जाता येणार. मग शाळेतच वाळूचे मैदान का करू नये, असे कोणी उत्साहाने विचारील. त्याचा हिशेब पाहावा. नियमाप्रमाणे वाळू निदान ४० सेंटिमीटर खोल लागते. केवळ १६ बाय ८ मीटरच्या चौकटीस ५१ घनमीटरांवर, म्हणजे सुमारे अठरा ब्रास वाळू हवी. सभोवारची मोकळी जागा धरली तर त्रेचाळीस ब्रासांहून अधिक. एवढा खर्च लहान शाळेस झेपणारा नाही. आणि किनाऱ्यावरील वाळू उचलून आणणे कायद्याने निषिद्ध आहे. ती गोणीभरही आणू नये.

त्याऐवजी दोघांचा खेळ मातीच्या पटांगणावर घ्यावा. दगडगोटे वेचून जमीन सपाट करावी, जाळी बांधावी, काठाच्या त्याच रेषा अंथराव्यात. मात्र येथे झेपावणे वर्ज्य, असे मुलांना बजावून सांगावे. लांब उडीचा वाळूचा हौद असेल तर पडण्याचा सराव तेथे करावा. वर्षभर पटांगणावर सराव आणि हिवाळ्यात एक सकाळ पुळणीवर सामना, असा क्रम आपल्या भागास साधणारा आहे. शेजारच्या दोन-तीन लहान शाळांनी एकत्र जावे. चार मुलांची एक शाळा, पाच मुलांची दुसरी. दोन-दोनच्या जोड्या करून तासाभरात छोटी स्पर्धा होते. मुलामुलींच्या मिश्र जोड्या कराव्यात आणि प्रत्येक फेरीत जोडीदार बदलावा, म्हणजे हरण्याचे दुःख कोणा एकावर साचत नाही.

आरंभी ज्या नऊ पटाच्या शाळेचा उल्लेख केला, तेथे मागील हिवाळ्यात पुन्हा जाणे झाले. पटांगणाच्या कडेला दोन बांबू उभे होते आणि लुगड्याच्या काठाच्या रेषा भिंतीवरील खुंटीला गुंडाळून ठेवल्या होत्या. पट वाढला नव्हता. उलट एक कुटुंब गेल्याने आठावर आला होता. गुरुजींना मी पटाविषयी विचारले नाही. खेळाचा तास होता. चार मुले जाळीच्या दोन बाजूंना होती, दोघे गुण लिहीत होते, पहिलीतला एक सातचा पाढा अडखळत म्हणत होता, आणि आठवी मुलगी पंच म्हणून खुर्चीवर उभी होती. पायरीवर कोणीही बसलेले नव्हते.